‘गार्बल्ड’ म्हटलं म्हणजे तुमच्या इंग्रजीला नावं ठेवली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका तरुणाने विचारलंय: “रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल आला, ‘युवर लिस्ट केम थ्रू गार्बल्ड, प्लीज रिसेंड.’ शब्दकोशात ‘अस्पष्ट, विकृत, गोंधळलेला’ असं दिलंय. मला वाटलं तो माझ्या इंग्रजीला गार्बेज म्हणतोय. मी माफी मागितली, मेल सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहिला आणि प्लॉट व शेतकऱ्यांच्या नावांची तीच यादी, ऑफिसच्या जुन्या फाईलमधून कॉपी केलेली, परत जोडली. त्यावर पुन्हा तेच उत्तर. आता काय करू? आणि व्हेग, अँबिग्युअस, ऑब्स्क्युअर, गार्बल्ड या सगळ्यांचा अर्थ ‘अस्पष्ट’च असेल, तर हे शब्द पाठ तरी कसे करायचे?”

आधी तुमचा जीव भांड्यात पाडते. खरेदीदाराने तुमच्या इंग्रजीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. त्याच्या वाक्यातलं ‘केम थ्रू’ नीट बघा. तुमच्याकडून निघालं तेव्हा ठीक असेल, माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा चुरा झाला, एवढंच तो सांगतोय. तुम्ही मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत. बिघडली होती यादी, आणि दुरुस्त केलात मेल.

यादी का बिघडली असेल, हे फाईल न बघता छातीठोक सांगता येणार नाही. पण ‘जुन्या फाईलमधून कॉपी’ हे तुमचे शब्द वाचून मला दोन शक्यता दिसतात. नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तिथे मुळात इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे ‘शिंदे’ आणि ‘गायकवाड’ यांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. नावं युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या एकाच सामाईक पद्धतीत असतील, तर गंमत वेगळी. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीतली तीन घरं, घेतं. समोरच्याच्या संगणकाने ते बाइट जुन्या युरोपीय पद्धतीने वाचले, की एका अक्षराच्या जागी तीन भलतीच चिन्हं उमटतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’, मग चलनाची खूण, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ‘ए’. माझ्या एका प्रश्नपत्रिकेतल्या मराठी सूचना छापखान्यातून अशाच होऊन आल्या होत्या. मुलांनी ते पानभर उतारा समजून वाचायचा प्रयत्न केला, बिचारी. या अवस्थेसाठी इंग्रजीत नेमका शब्द आहे, गार्बल्ड. तुमच्या खरेदीदाराने तो अगदी चपखल वापरलाय.

आता तुमचा खरा प्रश्न. मी नाशकात बावीस वर्षं नोकरी करणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुपरवायझर, कॉलेज रोडच्या दवाखान्यांतल्या रिसेप्शनिस्ट, अलीकडे पॅकहाऊसवाले. तुमची अडचण मला शब्दसंग्रहाची वाटत नाही. इंग्रजीतल्या सात-आठ वेगवेगळ्या शब्दांना शब्दकोशाने ‘अस्पष्ट’ हा एकच सदरा शिवलाय, ही अडचण आहे. आणि ती फक्त शब्दकोशाची चूक आहे. मराठीत या प्रत्येकाला आपापलं नाव आहे, आपण ते वापरतोही. तिथपर्यंत नंतर येते. आधी गार्बल्ड, कारण त्याची जन्मकथा तुमच्या धंद्यातली आहे.

हा शब्द मुळात चाळणीचा. अरबीत गिरबाल म्हणजे चाळण आणि गरबला म्हणजे चाळणं. मसाल्याच्या व्यापाराबरोबर तो इटलीत गेला आणि तिथून फिरत फिरत इंग्रजीत. लंडन शहरात मसाल्यांचा ‘गार्बलर’ असा एक हुद्दाच होता. त्याने कुणाच्याही दुकानात, वखारीत शिरावं, मसाला तपासावा, काडीकचरा काढून तो साफ करवून घ्यावा. म्हणजे त्या काळी ‘गार्बल्ड’ मिरी ही चांगली मिरी, चाळून-पाखडून स्वच्छ केलेली! तुमच्याकडे बायका कात्री घेऊन घडातले तडकलेले, बारके मणी काढतात, लासलगावच्या कांद्यातून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी काढतात, ते सगळं जुन्या अर्थाने गार्बलिंगच.

मग चाळणाऱ्याची नियत फिरली. दुसऱ्याच्या बोलण्यातली आपल्या सोयीची वाक्यं तेवढी वेचायची आणि बाकीची गाळायची, यालाही लोक गार्बल करणं म्हणू लागले. असं वेचून-गाळून जे उरतं, त्यात मूळ अर्थ राहत नाही. पुढे ते कुणी मुद्दाम केलं की आपोआप झालं, ही बाब मागे पडली आणि उरला नुसता परिणाम. तुकडे आहेत, पण जुळत नाहीत. डोळ्यांसमोर असा घड आणा की ज्याचे मणी कुणीतरी काढून वाटेल तिथे पुन्हा चिकटवलेत. देठ आहे, मणी आहेत, वजनही भरेल. पण त्याला घड कोण म्हणेल? गार्बल्ड मजकूर हा असा असतो.

‘गडबड’ आणि ‘गार्बल’ यांचं नातं आहे का, असं दर बॅचला कुणीतरी विचारतंच. नाही. पण तेवढ्याने लक्षात राहत असेल तर खुशाल जोडा, परीक्षेत व्युत्पत्ती विचारत नाहीत.

दुसरा नेहमीचा प्रश्न ‘ध चा मा’बद्दल. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाई तिथे राहिले, गावाचं नावही बाईंवरूनच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. “मॅडम, मग ती चिठ्ठी गार्बल्ड झाली ना?” नाही झाली. आख्यायिका खरी धरली तरी ती चिठ्ठी स्पष्ट होती, नको इतकी स्पष्ट. वाचणाऱ्यांना कसली शंकाच आली नाही, घात झाला तो त्यामुळेच. गार्बल्ड मजकुराची पहिली खूण म्हणजे इथे काहीतरी बिघडलंय, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं. ‘ध’चा ‘मा’ केला की त्याला म्हणायचं टॅम्पर्ड. तुमच्या यादीतल्या ५०० पेट्यांच्या कुणी ८०० केल्या तर ते टॅम्परिंग, पोलिसात जाण्यासारखं. ५००च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली तर गार्बल्ड, यादी पुन्हा पाठवण्यासारखं.

मात्र एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती लपवत नाही. गार्बल्ड म्हटलं की दोष दरवेळी वाटेचाच असतो असं नाही. मेसेज, फोनवरचा आवाज, फाईल यांच्या शेजारी हा शब्द आला, तर बहुधा वाटेत बिघडलं. पण ‘गार्बल्ड एक्स्प्लनेशन’ किंवा ‘गार्बल्ड व्हर्जन’ असं कुणी म्हणालं, तर सांगणाऱ्यानेच आगापिछा सोडून, अर्धवट, उलटसुलट सांगितलं, असा अर्थ होतो. उद्या तुमच्या साहेबाने तुमच्या खुलाशाला गार्बल्ड म्हटलं, तर इंटरनेटला दोष देऊ नका. आणि ‘ही इज गार्बल्ड’ असं माणसाबद्दल म्हणत नाहीत. माणूस गार्बल करतो, गार्बल्ड होतो तो त्याचा निरोप.

आवाजाचं गार्बल्ड म्हणजे काय, हे मला २०१५च्या सिंहस्थात कळलं. गंगेवर (बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) हरवलेल्या माणसांच्या घोषणा चालू होत्या. निवेदक नीट बोलत होता, मराठी शुद्ध, आवाज खणखणीत. पण एक कर्णा जवळ आणि दुसरा पार पलीकडे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कर्ण्यांच्या अंतरात पावणेदोनशे मीटरचा फरक असला, की दुसऱ्याचा आवाज अर्धा सेकंद मागून येतो आणि पहिल्याच्या पुढच्या शब्दावर बसतो. मला ऐकू आलं ते एवढंच: “…बाई बाई… जिथे तिथे… थांबल्या बल्या…” माझ्याशेजारी एक म्हातारे बाबा प्रत्येक घोषणेला कानाला हात लावून उभे राहत होते. कुणाचं नाव पुकारलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. बोलणाऱ्याची चूक नाही, ऐकणाऱ्याची नाही, भाषेचीही नाही. हा शब्द शिकवताना मी आजही ते बाबाच सांगते.

आता बाकीचे शब्द. शब्दाचा अर्थ पाठ करण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला लावते, फाटलं कुठे? बोलणाऱ्याच्या मनात, वाक्यात, वाटेत, की ऐकणाऱ्यापाशी? ‘अस्पष्ट’ या शब्दात ही जागा कळत नाही, म्हणून सगळे शब्द सारखे वाटतात.

व्हेग म्हणजे मोघम. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ भटकणारा. “बघू, होऊन जाईल, दोन-चार दिवसांत पाठवतो.” यातला प्रत्येक शब्द कळतो, फक्त हातात काही लागत नाही. इथे तपशील द्यायचाच राहिलाय, किंवा द्यायचा नाहीये. पावसाळ्यात कुणी विचारलं, “गंगेला पाणी किती?” आणि तुम्ही म्हणालात, “बरंच वाढलंय,” तर ते व्हेग. “दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय,” असं म्हणालात तर नाशिककराला तेच वाक्य फूटपट्टीइतकं नेमकं आहे. पिढ्यान् पिढ्या आपण पूर त्या मूर्तीवरच मोजत आलोय. पण हेच वाक्य फोनवर नागपूरच्या मेहुण्याला सांगा. मारुती कुठला, दुतोंड्या कसा, त्याची कंबर किती उंचीवर, त्याला काहीच माहीत नाही. त्याच्यासाठी तुमचं बोलणं ऑब्स्क्युअर झालं, म्हणजे दुर्बोध, त्याच्या बाजूने अंधार. वाक्य तेच, शब्द तेच, फक्त ऐकणारा बदलला. व्हेग आणि ऑब्स्क्युअर यांतला फरक मला या मारुतीहून चांगला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

अँबिग्युअस म्हणजे द्व्यर्थी, आणि निर्यातीच्या कामात सर्वांत महाग पडणारा प्रकार हाच. यात बोलणाऱ्याच्या मनात एकच स्वच्छ अर्थ असतो, ऐकणाऱ्यालाही एकच स्वच्छ अर्थ लागतो, पण दोघांचे अर्थ वेगळे. मराठीत याचा नमुना म्हणजे ‘परवा’. होऊन गेलेला तोही परवा आणि यायचा आहे तोही परवा. एरवी क्रियापद आपल्याला वाचवतं, ‘परवा आला’, ‘परवा येईल’. पण व्हॉट्सअ‍ॅपवर क्रियापद टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा. माझ्या एका विद्यार्थ्याला त्याच्या वाहतूकदाराचा मेसेज आला, “गाडी परवाची.” त्याने अर्थ लावला, परवा निघाली, म्हणजे आज पोचायला हवी. तो दिवसभर गेटवर वाट बघत राहिला. वाहतूकदाराच्या मनात होती ती अजून निघायचीच होती. गार्बल्डमध्ये काहीतरी चुकलंय हे निदान दिसतं. अँबिग्युअसमध्ये गाडी येत नाही तेव्हाच कळतं. इंग्रजीत तुमच्यासाठी याचा सख्खा भाऊ म्हणजे ०५/०६ अशी तारीख. तुम्ही आणि तुमचा डच माणूस ती पाच जून वाचाल, अमेरिकेतला माणूस सहा मे.

उरलेले भराभर सांगते. इक्विव्होकेट म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराज खोटं बोलले नाहीत आणि खरंही कळू दिलं नाही. आपण हा वाक्प्रचार रोज वापरतो आणि त्याचा इंग्रजी शब्द घोकत बसतो, याचं मला नवल वाटतं. ऑब्फस्केट म्हणजे साधी गोष्ट मुद्दाम शब्दांच्या धुरळ्यात लपवणं. विम्याची कागदपत्रं वाचली असतील तर उदाहरण द्यायला नको. क्रिप्टिक म्हणजे जाणत्यालाच कळावं असं कोड्यातलं. पानिपतानंतर दोन मोती गळाल्याचं, मोहरा हरपल्याचं आणि खुर्द्याची गणती नसल्याचं सांगणारं ते पत्र क्रिप्टिक होतं, ज्यांना कळायचं त्यांना विश्वासराव आणि भाऊसाहेब गेल्याचं कळलं. आणि मंबल म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. ते फक्त आवाजाचं, लिहिलेल्या मजकुराला लावू नका.

पाठ कसं करायचं? खरं सांगू, पाठ करूच नका. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती दिवसांत किती विसरतो ते मोजायचं. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत जास्त होतं, आणि थोड्या-थोड्या दिवसांच्या अंतराने उजळणी केली तर टिकतं, हे त्याने दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की ‘गार्बल्ड म्हणजे अस्पष्ट, ऑब्स्क्युअर म्हणजे अस्पष्ट’ असं घोकणं, म्हणजे जवळपास निरर्थक अक्षरंच घोकणं. त्याला लटकायला मनात खुंटीच नसते.

मी वहीत एका शब्दाला एक पान द्यायला सांगते. वर शब्द. त्याखाली अर्थ लिहायचा नाही, फाटलं कुठे ते लिहायचं. मग त्याच्या सोबतीचे शब्द, जसे गार्बल्डबरोबर मेसेज, ऑडिओ, टेक्स्ट आणि ‘केम थ्रू’. शब्द एकटा येत नाही, आपल्या माणसांबरोबर येतो. त्यांची ओळख ठेवली, की तो वाक्यात आपोआप बसतो. आणि खाली स्वतःच्या आयुष्यातली एक घटना, दोन ओळींत, मराठीत लिहिलीत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पान झाकून ती घटना आठवा, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. काही जणांना चित्र काढून जास्त लक्षात राहतं, काहींना मोठ्याने बोलून. ते तुमचं तुम्ही बघा. स्पर्धा परीक्षेसाठी महिन्याभरात हजार शब्द उरकायचे असतील, तर ही वही उपयोगाची नाही, तिला वेळ लागतो. पण तुम्हाला शब्द मेलमध्ये ओळखायचे आहेत आणि वापरायचे आहेत. त्यासाठी आठवड्याला पाच पुरे. गार्बल्डचं पान तर तुमचं लिहूनच झालंय. जो शब्द वाचून एकदा पोटात गोळा आला, तो माणूस जन्मात विसरत नाही.

आता आजचं काम. मेलमध्ये लांबलचक माफी नको, लांबलचक स्पष्टीकरण नको. यादीतली सगळी नावं इंग्रजी लिपीत नव्याने टाइप करा, जुन्या फाईलमधून एकही शब्द उचलू नका. प्लॉटचे नोंदणी क्रमांक मूळ कागदावरून ताडून बघा. नावं मराठीतच पाठवणं भाग असेल, तर युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करा, त्यात फॉन्ट सोबत जातो. ती पीडीएफ आधी ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. मग एवढंच लिहा: “सॉरी, द नेम्स केम थ्रू गार्बल्ड बिकॉज ऑफ अ फॉन्ट इश्यू. अ करेक्टेड पीडीएफ इज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म दॅट यू कॅन रीड इट.” आणि मालाची तारीख लिहिताना महिना आकड्यात नको, अक्षरात लिहा.